वाघ, धनगरवाडा आणि सडा: सातारा-सांगलीतल्या दोन चळवळींना खुलं पत्र

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वन्यजीवप्रेमी संस्थांचे कार्यकर्ते,
तसंच धरणग्रस्त-अभयारण्यग्रस्तांच्या चळवळीतले साथी,
यांना सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम तुम्हा दोघांना एकत्र लिहिते आहे. तुमच्या बैठका वेगळ्या सभागृहांत होतात आणि एकीला आलेला माणूस दुसरीला सहसा दिसत नाही. मी दोन्हीकडे येते. एकीकडे कानावर पडतं, "जंगलात माणूस राहिला की वाघ गेलाच समजा." दुसरीकडे ऐकते, "वाघाला जमीन मिळते, धरणग्रस्ताला मिळत नाही." दोन्ही वाक्यं पोटतिडकीनं म्हटलेली असतात. पण म्हणणारे एकमेकांच्या नावानं बोटं मोडत राहतात आणि त्यात तिसऱ्याचंच फावतं. हा तिसरा कोण, ते पुढे येईलच.

कराडला मी तत्त्वज्ञान शिकवते. पर्यावरणाच्या नीतिविचारात सखोल परिसरवाद आणि पर्यावरणीय न्याय अशा दोन धारा मुलांना शिकवाव्या लागतात. पुस्तकात त्या नॉर्वे-अमेरिकेची उदाहरणं घेऊन येतात. आपल्याला इतक्या लांब जायची गरज नाही, दोन्ही कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर समोरासमोर उभ्या आहेत. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, भोवतालच्या पट्ट्यासह सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा. २०१८ साली तिथल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, २०२३च्या अखेरीस पुन्हा एक, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडली. आणखी वाघ यायचे आहेत. म्हणजे गाभा क्षेत्र, संमती, पुनर्वसन हे शब्द आता वारंवार कानावर पडणार. ठिणगी पडायच्या आधी बोलून घ्यावं म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी वन्यजीवप्रेमी मित्रांची बाजू मांडते, कारण चळवळीतल्या साथींनी ती शांतपणे ऐकून घेतल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

सखोल परिसरवादाची मांडणी आर्ने नेस या नॉर्वेजियन तत्त्वज्ञानं १९७३ साली केली. योगायोग असा की आपला व्याघ्र प्रकल्पही त्याच वर्षीचा. नेसचं म्हणणं असं की नदी, सरडा, शेवाळ यांचं मोल माणसाला होणाऱ्या उपयोगावरून ठरत नाही. जंगल पाणी धरतं, पर्यटक आणतं, औषधी देतं म्हणून राखायचं, असं एकदा मान्य केलं की उपयोग संपल्या दिवशी ते तोडायलाही हरकत उरत नाही. नेस नुसता लिहिणारा नव्हता. १९७० साली मार्दोला धबधब्यावरच्या जलविद्युत प्रकल्पाला विरोध करायला तो आंदोलकांबरोबर बसला होता आणि पोलिसांनी त्याला उचलून बाजूला नेलं. प्रकल्प शेवटी झालाच. गांधींचा त्यानं सखोल अभ्यास केला होता आणि सत्याग्रहाचा मार्ग तिथूनच घेतला होता. 'श्रीमंत देशांचं खूळ' म्हणून ज्यांना हा विचार झटकून टाकावासा वाटतो, त्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

आता आपल्याकडचं पाहा. पावसाळ्यात कधी कास-चाळकेवाडीच्या बाजूला सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, गेलात तर जांभ्याच्या खडकात साचलेल्या वीतभर खोल डबक्यांत वायतुरा दिसतो. पाण्यात पानं आणि वर दोन फाट्यांचा गुलाबी-जांभळा तुरा. उत्तर सह्याद्रीचे सडे सोडले तर जगात हा कुठेही उगवत नाही; त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. त्याची भाजी होत नाही, गुरं तो हौसेनं खात नाहीत, बाजारात त्याला दमडीची किंमत नाही. पाऊस सरला की डबकं आटतं, तुरा जातो आणि कंद खडकाच्या फटीतल्या चिमूटभर मातीत पुढच्या पावसाची वाट पाहत राहतो. उद्या त्या डबक्यावर मुरूम टाकून कुणी वाहनतळ केला तर एकाही माणसाचा हक्क बुडणार नाही. एकही कुटुंब उठणार नाही, उलट चार जणांना रोजगारच मिळेल. न्यायाचा हिशेब फक्त माणसामाणसांतला धरला तर या व्यवहारात खोट दाखवता येत नाही. तरीही काहीतरी फार वाईट घडलेलं असेल. हे वाईटपण सांगायची भाषा सखोल परिसरवादाकडे आहे.

चाळकेवाडीचंच आणखी एक सांगते. तिथल्या पवनचक्क्या आपण सगळ्यांनीच कौतुकानं पाहिल्या आहेत. धूर नाही, बुडीत क्षेत्र नाही, कोळसा नाही. त्या पठारावर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी आढळले आणि त्यांचा धाक गेल्यामुळे सरडे भरमसाट वाढले. सरड्यांची शरीरं, त्यांची पळून जायची सवय, सगळंच बदललेलं आढळलं. जमिनीचे व्यवहार, मोबदला, रस्ता यांवर तिथे पुष्कळ भांडणं झाली आणि ती रास्तच होती. पण आकाशातली घार-गरुडांची जागा रिकामी झाली याची तक्रार कोणत्याच निवेदनात नव्हती. ती कोण करणार? मोर्चात घार येत नाही.

साथींनो, एवढं मान्य केलंत तर पुढचं मी तुमच्या बाजूनं बोलणार आहे आणि अधिक कळकळीनं बोलणार आहे.

पर्यावरणीय न्यायाची चळवळ अमेरिकेत उभी राहिली ती कचऱ्याच्या प्रश्नावर. १९८२ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरन काउंटीत, जिथे कृष्णवर्णीयांची वस्ती जास्त होती, तिथेच विषारी माती पुरायचं ठरलं आणि लोक ट्रकपुढे आडवे झाले. पाच वर्षांनी एका चर्चसंस्थेच्या देशव्यापी अहवालानं दाखवून दिलं की घातक कचऱ्याची ठिकाणं कुठे असणार हे वस्तीच्या वंशावरून ओळखता येतं. निसर्गाचं मोल किती, हा त्या लोकांपुढचा पहिला प्रश्न नव्हता. विकासाची फळं एका दारी आणि घाण दुसऱ्या दारी, हे कुणी ठरवलं आणि आम्हाला का विचारलं नाही, असं ते विचारत होते.

कोयनेकाठच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. धरणात पाणी अडलं ते १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. राज्याचा पुनर्वसन कायदा आला १९७६ साली. मधल्या काळात माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी पांगली. वीज गेली मुंबईला आणि कारखान्यांना. वीज करून झाल्यावर ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी पश्चिमेला समुद्राकडे जाऊ शकतं आणि माण-खटाव, आटपाडी-जत टँकरची वाट बघत बसतात. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपानं कोयनानगर पाडलं, दीडशेहून अधिक माणसं गेली आणि जलाशयानं जमिनीला धक्का बसू शकतो याचं जगातलं ठळक उदाहरण कोयना ठरली. जी कुटुंबं बुडीताच्या वर सरकून डोंगरात राहिली, त्यांच्या घराभोवती १९८५ साली अभयारण्याची रेषा आली आणि पंचवीस वर्षांनी व्याघ्र प्रकल्पाची. आगीतून फुफाट्यात, तेही दोन-तीन पिढ्यांत. अशा माणसाला वन्यजीवप्रेमी मित्र जेव्हा म्हणतात की थोडा त्याग करायला हवा, तेव्हा तो काय उत्तर देईल असं वाटतं?

इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी १९८९ साली नेमकं हेच सुनावलं होतं. सखोल परिसरवादाचा अमेरिकी अवतार, म्हणजे माणसं काढून 'अस्पर्श' रान राखायचं, हा भारतासारख्या दाट वस्तीच्या देशात आणला की गरिबाच्या हातची साधनं काढून श्रीमंताच्या हाती देण्यासारखं होतं, आणि त्यासाठी त्यांनी व्याघ्र प्रकल्पाचंच उदाहरण दिलं. माणूस केंद्रस्थानी की निसर्ग, या वादात खरे दोन रोग झाकले जातात असंही त्यांनी लिहिलं: श्रीमंतांचा अतिवापर आणि वाढतं लष्करीकरण. पस्तीसहून अधिक वर्षं झाली. हे निदान शिळं झालेलं नाही.

पाटण तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर गेले होते तेव्हाची गोष्ट. गवळी धनगरांची सात-आठ घरं, कारवीच्या काठ्यांना माती-शेण लिंपलेल्या भिंती, अर्ध्या घरात माणसं आणि अर्ध्यात म्हशी. एका आजीनं पत्र्याची पेटी उघडून चराईच्या जुन्या पावत्या काढून दाखवल्या. सासऱ्याच्या नावच्या. कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई उडालेली, एकीवरचा शिक्का मात्र ठळक. वनहक्काच्या दाव्यासाठी तिच्या मुलानं त्या तालुक्याच्या एका कार्यालयात नेल्या होत्या, तिथे त्याला सांगितलं, "हा पुरावा जुना नाही. पंचाहत्तर वर्षांचा आणा." २००६च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीला १३ डिसेंबर २००५चा ताबा दाखवला की पुरतं. इतर पारंपरिक वनवासींना त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे १९३०पर्यंत मागे जावं लागतं. महाराष्ट्रात धनगर अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून हे ओझं त्यांच्यावर. डोंगरात म्हशीमागे फिरणाऱ्या माणसाकडे १९३०चा कागद कुठून येणार? पण नियमात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, जुन्या विहिरी, थडगी, देवाची ठाणी हेही पुरावे म्हणून धरायला सांगितलेलं आहे. हे त्याला त्या टेबलावर कुणी सांगितलं नाही. आजी वाड्यामागच्या उतारावर घेऊन गेली आणि रचलेले दगड दाखवले, त्यांच्या कुळातल्या गेलेल्यांचे. म्हणाली, "आमच्या म्हशीला ठावं हाय ही जागा कुनाची. सायबाला न्हाई."

वन्यजीवप्रेमी मित्रहो, तुमच्यातले कितीतरी जण डोंगरदऱ्या उभ्या-आडव्या तुडवलेले आहेत. या वाड्यांवर तुम्ही ताक प्यायलात, रात्री मुक्काम केलात. तरी तुमच्या निवेदनांत 'मानवी हस्तक्षेप' या एका शब्दात ती आजी आणि शनिवार-रविवारी जीप घेऊन येणारा माणूस दोघेही बसतात. ज्या नेसचा तुम्ही आधार घेता, त्यानं असं केलेलं नाही. १९७३च्या त्याच्या मांडणीतल्या सात मुद्द्यांत वर्गभेदाला विरोध आणि स्थानिक स्वायत्तता हे दोन स्वतंत्र मुद्दे आहेत. १९८४ साली त्यानं जॉर्ज सेशन्सबरोबर आठ कलमं लिहिली, त्यांतलं तिसरं सांगतं की निसर्गाची समृद्धी कमी करायचा माणसाला अधिकार नाही, पण जीवनावश्यक गरज हा अपवाद. चार म्हशींची चराई आणि नाचणीचं वावर ही जीवनावश्यक गरज आहे. सड्यावरचा तरणतलाव ती नव्हे. मूळ कलमं वाचली तर धनगरवाडा तुमच्या बाजूला उभा दिसेल.

आणि साथींनो, १९९१ साली वॉशिंग्टनला जमलेल्या वर्णभेदग्रस्त समूहांच्या परिषदेनं पर्यावरणीय न्यायाची सतरा तत्त्वं लिहिली, त्यांतलं पहिलं हक्क-मोबदल्याचं नाही. धरणीमातेचं पावित्र्य आणि सर्व जीवजातींचं परस्परावलंबन यांनी त्या यादीची सुरुवात होते.

म्हणजे दोन्ही विचार एकच आहेत, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि खोटंही. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचं उदाहरण घ्या. १५ एप्रिल २०१३ रोजी गीरच्या सिंहांबद्दलचा निकाल आला: माणसाच्या सोयीचा विचार बाजूला ठेवा, त्या प्रजातीचं हित कशात आहे ते पाहा आणि सिंहांना दुसरं घर द्या. तीनच दिवसांनी, १८ एप्रिलला, ओडिशातल्या नियमगिरीचा निकाल आला: डोंगरात बॉक्साइटची खाण होऊ द्यायची का, हे तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या ग्रामसभा ठरवतील. दोन्ही निकाल न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांनी लिहिलेले. पहिल्यात वजन प्रजातीच्या हिताला आहे, तिचा स्वतःचा आवाज नसला तरी. दुसऱ्यात ज्यांना आवाज आहे पण कुणी ऐकत नव्हतं त्यांना. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं आणि डोंगर वाचला. सिंह अजून गुजरातमध्येच आहेत. लोकांच्या हाती निर्णय दिला तिथे निसर्ग राखला गेला, वरून हुकूम दिला तिथे कागद राहिला. एकाच उदाहरणावरून नियम काढू नये हे मला कळतं, पण विसरूही नये.

ग्रामसभेनं उलटं ठरवलं असतं तर? हा खरा अडचणीचा प्रश्न आहे आणि दोघांनीही तो टाळलेला आहे. उद्या एखाद्या गावानं रिसॉर्टला, खाणीला रीतसर ठराव करून संमती दिली तर न्यायाचा विचार म्हणेल, त्यांचा अधिकार. मी म्हणेन, सड्यावर नाही. वायतुऱ्याचं अस्तित्व एका ठरावानं संपवायचा अधिकार गावाला नाही, जिल्हाधिकाऱ्यांना नाही, मंत्रालयालाही नाही. उलट बाजूनं, गाभ्यातल्या एखाद्या वाडीनं 'आम्ही उठणार नाही' म्हटलं आणि वाघासाठी तिथली जागा हवीच असली, तर मी वाडीबरोबर आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली घातलेलं ३८-व्ही कलमही पुनर्वसन स्वेच्छेनं, हक्क आधी मान्य करून, ग्रामसभेच्या माहितीपूर्ण संमतीनंच व्हावं असं सांगतं. म्हणून माझ्या लेखी क्रम असा आहे: ज्याची गरज सर्वांत कमी निकडीची, त्यानं सर्वांत आधी सोडायचं. हॉटेल आधी, दुसरं घर आधी, शहरातला विजेचा उधळा वापर आधी. म्हैस आणि नाचणी सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा लागलेला आहे आणि त्याचं दुःख मला दोन्ही बाजूंनी होतं.

या दोन विचारांना आपल्या मातीत एकत्र आणणारी घटना घडून गेली आहे, तिच्यावर मात्र कुणीच नीट बोललेलं नाही. कासच्या पठाराला २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला, गर्दी लोटली आणि फुलं वाचवायला जाळीचं कुंपण घातलं. गर्दी थोपवायला काहीतरी हवंच होतं, त्यात शंका नाही. पण कुंपणानं आसपासच्या गावांची गुरंही बाहेर ठेवली. पुढे काही वर्षांत गावकरी आणि काही अभ्यासक सांगू लागले की गवत माजतं आहे, खालची बारकी फुलं त्यात दबतात, गेंद आणि सीतेची आसवं पूर्वीसारखी दिसत नाहीत. सड्यावर माती अशी बोटभरच. गुरं गवत खुडतात, खुरांनी जमीन उकरतात, शेणानं थोडं खत होतं, आणि पिढ्यान् पिढ्या फुलं या सगळ्यासह वाढलेली. शेवटी कुंपण काढलं. किती गुरं, कोणत्या महिन्यात, कुठवर, यावर अजून वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. पण गुरं बाहेर काढली म्हणजे निसर्ग शुद्ध झाला, ही समजूत तिथे टिकली नाही. गुराख्याचा हक्क आणि गेंदाचं जगणं तिथे एकाच जमिनीवर, एकमेकांच्या आधारानं उभं आहे. पर्यटकांना आवरायचं आणि चराईची वेळ ठरवायची, हे काम तिथली गावंच अधिक शहाणपणानं करतील असं मला वाटतं. प्रवेशशुल्क आणि व्यवस्था पाहणारी गावांची समिती आहेच.

आता तो तिसरा. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या २३५ गावांवर नवीन महाबळेश्वर गिरिस्थानाचा आराखडा आलेला आहे, रस्ते विकास महामंडळ त्याचं नियोजन प्राधिकरण आहे. पुढे त्यात आणखी गावं घातली गेली. शिवसागराच्या दोन्ही अंगांना, व्याघ्र प्रकल्पाला लागून रस्ते, हॉटेलं, पर्यटनाची केंद्रं. मूळचं महाबळेश्वर-पाचगणी २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालं, तरी तिथली आजची कोंडी आणि पाण्याची ओढ आपण बघतो. ज्या डोंगरात धनगराला १९३०चा कागद मागितला जातो, त्याच डोंगरात एकरच्या एकर जमिनी बाहेरच्यांच्या नावावर चढतात आणि त्यांना कुणी तीन पिढ्या विचारत नाही. या आराखड्यावर वन्यजीवप्रेमींनी वेगळ्या हरकती दिल्या आणि चळवळीनं वेगळी निवेदनं. एकांच्या कागदात माणूस नव्हता, दुसऱ्यांच्या कागदात वाघ आणि सडा नव्हता. प्राधिकरणाला दोन्ही कागद वेगवेगळ्या फायलींत लावणं सोपं गेलं.

म्हणून माझी विनंती नेमकी आहे. पहिलं, गाभ्यातल्या आणि भोवतालच्या वाड्यांचे वनहक्क दावे निकाली निघेपर्यंत पुनर्वसनाची बोलणी होऊ नयेत, अशी मागणी या वेळी वन्यजीवप्रेमी संस्थांनी आपल्या नावानं करावी. तुमचे कार्यकर्ते नकाशे काढू शकतात, जुन्या विहिरींच्या आणि देवराईंच्या जागा जीपीएसवर नोंदवू शकतात. हा पुरावा लोकांना मिळवून द्या. दुसरं, चळवळीतल्या साथींनी आपल्या मागण्यांत सड्यांचं आणि वन्यप्राण्यांच्या भ्रमणमार्गांचं कलम स्वतः लिहावं: अमुक पठारांवर बांधकाम नाही, ग्रामसभेचा ठराव असला तरी नाही. तुमच्या सभासदांना हे पटवणं कठीण जाईल, मला माहीत आहे. गव्यानं आणि रानडुकरानं उभं पीक झोपवलं की पंचनाम्यासाठी हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला जंगलाचं मोल सांगताना तुम्हाला आधी त्याच्या भरपाईचं बोलावं लागेल. ते बोला, आणि त्या भरपाईच्या मागणीवर वन्यजीवप्रेमींचीही सही घ्या. तिसरं, विजेचा आणि पर्यटनाचा जो पैसा या खोऱ्यातून बाहेर जातो, त्यातला ठरलेला वाटा या गावांच्या हाती यावा, हे दोघांनी मिळून मागावं.

कराडला, पाटणला, शिराळ्याला, कुठेही बसू. दोन्हीकडचे पाच-पाच जण पुरेत, आणि धनगरवाड्यांवरची माणसं त्यात पाहुणी म्हणून नकोत, बैठकीची बाजू म्हणून हवीत. संयुक्त हरकतीचा कच्चा मसुदा आणि वनहक्काच्या पुराव्यांची मराठीतली यादी माझ्याकडे तयार आहे. बैठकीची तारीख तुम्ही ठरवा, मी दोन्ही कागदांच्या प्रती घेऊन येते.

आपली स्नेहांकित,
तत्त्वज्ञानाची एक शिक्षिका, कराड